चार बोटांचं पातं

समोरच्या दाताचा टवका उडाला तो सुतळीमुळं. ऑक्टोबर छाटणी होऊन बागेत फुटी हातभर वाढल्या होत्या, काड्या तारेला बांधायचं काम चाललं होतं. डाव्या हातात काडी, उजव्या हातात सुतळीचं टोक आणि तोडायला दात. लहानपणापासूनची सवय. सुतळी ताणली गेली, तुटली नाही. दाताची कड गेली. जिभेला खरखर लागली तेव्हा कळलं.

शेजारच्या ओळीतल्या काकूंनी स्वतःचा विळा पुढं केला आणि म्हणाल्या, "हत्यार न घेता बागंत येतीस कशी गं तू?"

मी काही बोलले नाही, कारण त्यांचं खरं होतं. त्यांच्या कमरेला विळा होता, त्यांच्या सुनेकडं कात्री होती, औषध मारणाऱ्या पोराच्या खिशात कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड होतं. रिकाम्या हातानं उभी होते ती मी एकटी. आठवड्याचे पाच दिवस सांगलीत हिशेबाची नोकरी, शनिवारी-रविवारी तासगावच्या पुढं आमच्या गावी दोन एकर द्राक्षबाग. माझे वडील, अण्णा, गेल्यापासून बाग आई आणि मी बघतो. या दोन दिवसांत कापायचं काय काय निघतं त्याची त्या संध्याकाळी मनाशी उजळणी केली. ठिबकची फुटलेली नळी, खताच्या पोत्याची शिवण, तारेवरची जुनी सुतळी, बेदाण्याच्या खोक्यावरची चिकटपट्टी, बांधावरचा पेरू. प्रत्येक वेळी मी कुणाकडं तरी हात पसरत होते, नाहीतर दात लावत होते.

मग ठरवलं, चाकू घ्यायचा. घडीचा, खिशात मावणारा, रोज जवळ राहणारा. 43व्या वर्षी पहिला.

आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता थांबली. "रामपुरी घेतीस व्हय?"

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घडीचा चाकू म्हटलं की आपल्याकडं बटण दाबल्यावर खट्‌दिशी उघडणारं पातं आणि पुढची मारामारीच डोळ्यांसमोर येते. पण आमच्या घरात तर घडीचा चाकू तिनं स्वतः पस्तीस वर्षं बघितला होता. अण्णांचा.

तो त्यांनी खरसुंडीच्या जत्रेत घेतलेला. बैल बघायला गेले होते. बैल जमला नाही, चाकू घेऊन आले. शिंगाची मूठ, दोन पितळी रिबिटा, पात्याच्या पाठीवर नखासाठी खाच. उघडताना अर्ध्यात जरा अडायचा आणि पुढं कमान, म्हणजे पात्याला धरून ठेवणारी मुठीतली स्प्रिंग, टक्‌ करून बसायची. त्या टक्‌ आवाजानं आम्ही भावंडं कुठूनही धावत यायचो, कारण त्यानंतर उसाची कांडी तरी सोलली जायची किंवा पेरूच्या फोडी तरी व्हायच्या. माझ्या पेन्सिलींना टोक त्यानंच. पुढं बागेत डॉगरीज जातीच्या खुंटावर थॉमसन द्राक्षाची काडी बसवायची वेळ आली, तेव्हा पाचर कलमाची पाचर त्यांनी त्याच चाकूनं तासली. एका ओढीत एक बाजू, दुसऱ्या ओढीत दुसरी. मधे हात थांबला की काप उंचसखल होतो आणि कलम धरत नाही, असं ते सांगायचे. मी बघायची. हातात मिळायचा नाही.

घरात धारेच्या वस्तूंची वाटणी ठरलेली होती. विळी आईची, खुरपं आजीचं, चाकू-अडकित्ता-कोयता बाप्यांचं. आजी शेतातून परतताना खुरपं पाठीमागं कमरेला खोचून यायची. ते तिच्या अंगाचाच भाग वाटायचं. बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवलेलाही मी बघितलाय. म्हणजे बाईच्या आसपास लोखंड नव्हतं असं नाही. पण मिटून खिशात घालायचं, गावभर बरोबर न्यायचं, लागेल तिथं काढायचं लोखंड बाईला नव्हतं. एक साधं कारण मला फार उशिरा कळलं. बाईला खिसाच नव्हता.

एकदा मी तो चोरून घेतला होता. बारा वर्षांची असेन. चपलेचा पट्टा तुटला होता, त्याला नवं भोक पाडायचं होतं. चामड्यावर चाकूचं टोक टेकवलं आणि वरून दाबलं. टोक रुतलं, चाकू पुढं झुकला, कमानीनं पातं सोडलं आणि ते मिटलं ते थेट माझ्या बोटावर. तीन टाके पडले. अण्णा रागावले नाहीत. जखमेवर हळद दाबून दवाखान्यात नेताना एवढंच म्हणाले, "ह्या चाकूनं ओढायचं. रेटायचं न्हाई." उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर ती पांढरी रेघ अजून आहे, आणि घडीच्या चाकूबद्दल मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्या एका वाक्यात आहे. ज्या चाकूला कुलूप नाही, म्हणजे पातं उघडल्यावर नुसतं कमानीच्या जोरावर उभं असतं, त्याला धारेच्या दिशेनं ओढलं तर तो आयुष्यभर साथ देतो. टोकावर जोर देऊन भोक पाडायला गेलं, किंवा पाठीवर आपटलं, तर तो मिटतो. मिटताना मधे बोटंच असतात.

अण्णा 2018 मध्ये गेले. त्यांचा चाकू दादाकडं जायचा होता, पण तो पुण्यात असतो, म्हणाला तुझ्याकडंच राहू दे. मी तो गोळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात घालून सांगलीच्या घरी, गावभागात, खालच्या कपाटात ठेवला. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णा आली. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं. आम्ही दोन बॅगा घेऊन मिरजेला नणंदेकडं गेलो आणि परत आलो तेव्हा कपाटाच्या तळात वीतभर चिखल होता. डबा सापडला. आतला चाकू मिटलेल्या अवस्थेत एकसंध झाला होता. पातं, कमान, रिबीट सगळं तांबूस पापुद्र्यानं धरून ठेवलेलं. नखाच्या खाचेत नख घातलं तर नख वाकलं. तेल सोडलं, ऊन दाखवलं. उघडला नाही.

त्यामुळं चाकू घ्यायचा ठरल्यावर माझ्यापुढं पहिला प्रश्न किमतीचा नव्हताच. गंजाचा होता.

पोलादाचं गणित समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. अण्णांचं पातं साध्या, कार्बनच्या पोलादाचं होतं. अशा पोलादाला धार फार सुरेख येते आणि दगडावर दहा मिनिटं घासलं की परत येते. पण त्याला पाणी चालत नाही, कैरी चालत नाही, लिंबू तर नाहीच. पेरू कापून तसंच मिटवलं की पातं काळवंडतं, आणि कैरीच्या फोडीला लोखंडाची चव लागते. ज्याला रोज पुसायची, महिन्यातून एकदा तेलाचं बोट फिरवायची सवय आहे त्याच्याकडं हा काळा रंगच हळूहळू पात्याचं कवच होतो, पुढचा गंज अडवतो. अण्णा धोतराच्या सोग्याला पुसल्याशिवाय चाकू कधी मिटत नसत. मला ती सवय होती का? माझा चाकू बागेतल्या चिखलात पडणार, औषधाच्या पाण्यात बुडणार, सोमवारी घाईत तसाच पर्समध्ये जाणार हे मला माहीत होतं. स्टेनलेस म्हणजे पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम. त्याचा हवेशी संयोग होऊन डोळ्याला न दिसणारा पातळ थर पात्यावर बसतो आणि ओरखडा पडला तरी तो पुन्हा आपला आपण तयार होतो. स्टेनलेसलाही गंज चढतो, पण तो माणसाला पुसायला सवड देतो. गावभागात राहणाऱ्या बाईनं ही सवड घ्यावी असं मी ठरवलं.

आता दुकानं. आधी रस्त्याकडेच्या गाड्यावर गेले. 150 रुपयांना काळा रंग दिलेला चाकू, पात्याला अर्धी धार नि अर्धे दाते, मुठीला काच फोडायचं टोक आणि पट्टा कापायचं आणखी एक पातं. उघडला. आत पातळ पत्र्याची पट्टी असते, पातं पूर्ण उघडलं की ती बाजूला सरकून पात्याच्या बुडाशी येऊन बसते आणि त्याला मिटू देत नाही. हे कुलूप चांगल्या चाकवात भरवशाचं असतं. मी बोटं आतून काढून घेतली, मूठ बाहेरून धरली आणि पात्याच्या पाठीवर अंगठ्यानं दाबलं. पट्टी सरकली, पातं निम्मं मिटलं. विकणाऱ्या पोरानं तो हातात घेऊन पुन्हा उघडला, म्हणाला, "मॅडम, एवढा जोर कोण लावतंय?" मी लावते. खताचं पोतं लावतं. त्या दिवशी मला पटलं की खोट्या कुलपापेक्षा बिनकुलपाचं दार बरं. अण्णांच्या चाकूला कुलूप नव्हतं, पण तो तसं सांगत होता. त्यामुळं हात जपून चालायचा. खोटं कुलूप हाताला बेफिकीर करतं. ज्याला तीनशे-चारशेच्या वर खर्च करायचा नाही त्यानं कुलपाचा हट्ट सोडावा आणि घट्ट कमानीचा साधा चाकू घ्यावा, असं मी आता कुणालाही सांगते.

मग गणपती पेठेत एका हार्डवेअरवाल्याकडं, मग शेतीच्या औजारांच्या दुकानात. तिथं कलमाचे चाकू होते, घडीचे, स्वस्त, पोलादही बरं. दोन दिवस मला वाटत होतं हाच घ्यावा. अण्णांचंच काम करणारा, आपल्या भागातला. पण हातात घेऊन उलटसुलट केलं तेव्हा दिसलं की पात्याला धार एकाच अंगानं दिलेली आहे, दुसरं अंग सपाट. कलमाची पाचर सरळ तासली जावी म्हणून ते तसं असतं आणि त्या कामाला ते उत्तमच. पण त्यानं जाड पुठ्ठा कापायला घ्या, पातं एका बाजूला ओढ खातं. पेरूचे दोन सारखे भाग होत नाहीत. रोजच्या कामाच्या पात्याला दोन्ही अंगांनी सारखी धार हवी. दुकानदारांनी मला काउंटरवर पुठ्ठा कापू दिला, हे त्यांचे उपकार. त्यांनी आणखी एक शिकवलं. मिटलेला चाकू उजेडापुढं धरायचा आणि पातं खाचेच्या बरोबर मधे आहे का बघायचं. एका बाजूला टेकलेलं दिसलं तर सांधा वाकडा आहे. महिन्याभरात पातं डुलायला लागणार. आणि मिटल्यावर टोक मुठीच्या आत पूर्ण बुडलेलं हवं, बोट फिरवलं तर लागता कामा नये. या दोन गोष्टी बघायला पैसे पडत नाहीत, आणि मी बघितलेल्या स्वस्त चाकवांतले निम्मे तिथंच बाद झाले.

दिवाळीत पुण्याहून भाची आली. ती सह्याद्रीत भटकते, तिच्या सॅकमध्ये दोन चाकू असतात. तिनं दोन्ही माझ्यापुढं ठेवले आणि म्हणाली, "मावशी, वाचत बसू नकोस. दोन्हींनी दिवसभर काम कर." चार दिवस मी तेच केलं.

एक होता स्विस लाल चाकू, व्हिक्टोरिनॉक्सचा. लहान-मोठी दोन पाती, डबा उघडायचं, बाटली उघडायचं, स्क्रू पिळायचं, चिमटा, दातकोरणं. कार्ल एल्सेनर या कारागिरानं 1884 मध्ये स्वित्झर्लंडच्या इबाख गावात कारखाना काढला, 1891 पासून तो तिथल्या सैन्याला चाकू पुरवू लागला आणि 1897 मध्ये हा प्रकार आला, ज्याची आज जगभर नक्कल होते. नावाची गोष्ट भाचीनं सांगितली ती मला फार आवडली. त्याच्या आईचं नाव व्हिक्टोरिया; तिच्या पश्चात त्यानं मालावर तिचं नाव घातलं, आणि 1921 मध्ये न गंजणारं पोलाद आलं तेव्हा त्याला फ्रेंचमध्ये म्हणतात ते 'इनॉक्स' त्यापुढं जोडलं. आईचं नाव आणि न गंजणं, दोन्ही एका शब्दात. चिखलातून काढलेला वडिलांचा चाकू घरात असताना हे ऐकून मी बराच वेळ तो लाल चाकू हातात धरून बसले होते. त्याचं पातं फार कडक नसतं, रॉकवेल मापावर 56 च्या आसपास, म्हणून ते घरच्या दगडावर पटकन लागतं. पहिल्या चाकवाला हे कडकपणापेक्षा मोलाचं. साठच्या वरची पाती धार जास्त दिवस धरतात, पण गेली की नवख्याच्या हातानं परत येत नाही, आणि जोर वेडावाकडा लागला तर कड फुटते. फक्त एक अडचण. त्याचं पातंही कमानीवरच उभं राहतं आणि ओल्या हातानं नखाच्या खाचेतून उघडताना माझं नख दोनदा निसटलं.

दुसरा होता लाकडी मुठीचा, ओपिनेल. फ्रान्सच्या साव्वा या डोंगराळ मुलखात 1890 मध्ये जोसेफ ओपिनेलनं शेतकऱ्यांसाठी बनवलेला. बीच झाडाच्या लाकडाची गोल मूठ, एकच पातं, आणि सांध्यावर धातूचं कडं. पातं उघडायचं, कडं अंगठ्यानं फिरवायचं. कड्याची फट बाजूला जाते आणि पात्याला मागं यायला वाटच राहत नाही. हे कडं 1955 मध्ये मार्सेल ओपिनेलनं बसवलं. 2000 पासून तेच कडं पातं मिटल्यावरही फिरवता येतं, म्हणजे पर्समध्ये चाकू आपोआप उघडत नाही. मी त्याच्या पाठीवर दाबलं. हललं नाही. पट्टी नाही, बटण नाही, स्प्रिंग नाही. अडसर आहे, आणि तो अडसर डोळ्याला दिसतो. आमच्या जुन्या वाड्याच्या दाराला होता तसा. बघून कळावं की बंद आहे की उघडं, यात मला मोठी सुरक्षितता वाटली.

आकाराचे नंबर असतात. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे माझी चार बोटं आणि वर थोडं. माझ्या सगळ्या कामांना तेवढं पुरलं. कलिंगडाला पुरलं नाही, पण कलिंगड खिशातल्या चाकूनं कापायचं नसतंच. लांब पात्याचा मोह मला झाला होता, तो त्या कलिंगडापाशी संपला. लाकडाचं एक आहे. ओलं झालं की मूठ फुगते आणि पातं आत अडकून बसतं. भाचीनं दाखवलं, मुठीचं मागचं टोक टेबलावर हलकं आपटायचं, पातं थोडं बाहेर येतं, मग बोटांनी ओढायचं. आम्ही मुठीला जवसाचं तेल दोन-तीन वेळा मुरवलं, नंतर त्रास बराच कमी झाला.

याच काळात गल्लीतल्या तिघी-चौघींनी मला एकच वाक्य ऐकवलं. "बरं करतीस, बाईमाणसाजवळ असावं काहीतरी." त्या मनापासून म्हणत होत्या, आणि मी प्रत्येकीला मनापासूनच उत्तर दिलं. संरक्षणासाठी चाकू घेऊ नका. घडीचा चाकू काढायला, उघडायला, कडं फिरवायला दोन्ही हात आणि चार-पाच सेकंद लागतात. समोरचा अंगानं जड असेल तर तो तुमच्याच हातातून काढून घेतो, आणि मग त्या जागी एका माणसाच्या हातात चाकू असतो जो आधी नव्हता. मोठ्यानं ओरडा, उजेडाकडं पळा, 112 ला फोन लावा. माझा चाकू सुतळीसाठी आहे. हे मी इतक्या वेळा सांगितलं की मलाही निवडीचा आणखी एक निकष मिळाला. एसटीत शेजारी बसलेल्या आजीसमोर पेरू कापायला काढला तर तिनं अंग चोरता कामा नये. काळं, दातेरी, बोटाच्या झटक्यानं उघडणारं पातं बघून ती चोरणारच. लाकडी मुठीचा, दोन हातांनी सावकाश उघडायचा चाकू बघून ती म्हणेल, मला पण एक फोड दे.

कायद्याचंही बघून घेतलं. शस्त्र अधिनियम 1959 चा. त्याखालच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, कारखान्याच्या कामाची वगळली आहेत. चार बोटांचं पातं त्यापासून लांब आहे. पण आपल्याकडं सणावारी, निवडणुकीत, आंदोलनाच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चा आदेश लागतो, बातमी पेपरात कोपऱ्यात येते, आणि त्यात शस्त्रांबरोबर काठी नि चाकूही असतो. ते दिवस माझा चाकू घरी राहतो. कोर्टात, कलेक्टर कचेरीत जायचं असलं तरी घरीच. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही. अडवणाऱ्या शिपायाला 'माझी बाग आहे हो' असं सांगत उभं राहण्यापेक्षा हे सोपं.

फेब्रुवारीत, बागेतला माल उतरल्यावर, घेतला. आठ नंबर, स्टेनलेस, सतराशे रुपयांना. पहिल्या चाकवाला ही रक्कम मोठी वाटू शकते, मला वाटली. दाताला कॅप बसवायला याच्या दुपटीहून जास्त गेले होते, ते आठवून दिले. पण याच्या वर मी गेले नसते. ज्या चाकूला घासताना हात थरथरेल इतका महाग चाकू पहिला म्हणून घेऊ नये, कारण पहिल्या चाकवावरच धार लावायला शिकायचं असतं आणि शिकताना तो खराब होतोच.

माझा झाला. हार्डवेअरमधून दोन्ही बाजू वेगळ्या असलेला दगड आणला, एक भरड, एक बारीक. पहिल्या दिवशी पात्याच्या अंगावर आडवे ओरखडे ओढून ठेवले, कारण पातं फारच निजवलं होतं. दुसऱ्यांदा फारच उभं धरलं, होती ती धार गेली. मग एक युक्ती सापडली. काळ्या मार्करनं धारेची कड रंगवायची, दगडावर दोनदा ओढायची आणि बघायचं रंग कुठून गेला. वरून गेला तर पातं जरा उचलायचं, अगदी टोकाच्या कडेवरूनच गेला तर निजवायचं, सगळा सारखा गेला की हात तिथंच धरायचा. अंश मोजायला लागले नाहीत. वीसच्या जवळपास येत असावेत. एका बाजूनं घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक कोर लागते. ती कोर टोकापासून बुडापर्यंत सलग लागली की बाजू बदलायची. शेवटी चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर उलट्या दिशेनं दहा-बारा ओढी. रात्री अकरा वाजता पेपरचं पान एका हातात लटकवून धरलं आणि पातं नुसतं टेकवलं. पान आवाज न करता दोन झालं. मी तो पेपर पट्ट्यापट्ट्यांत कापून काढला, अग्रलेखासकट. अण्णांना हे दाखवता आलं असतं तर, असं त्या वेळी फार वाटलं.

राहिला खिसा. शिवणकाम करणाऱ्या वहिनींकडं चार कुर्ते घेऊन गेले. "खिसा? पर्स हाय की तुमच्याकडं." मी चाकू काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो मिटलेलाच आडवा धरून टेपनं मापला, उभा धरून मापला, आणि मग म्हणाल्या की कुर्त्याच्याच कापडाचा खिसा टिकणार नाही, आतून मांजरपाट लावू, तळाला दुहेरी शिलाई मारू, आणि खिसा थोडा तिरका ठेवू म्हणजे खाली वाकलं तरी पडणार नाही. चार दिवसांनी कुर्ते आले. पाचवा त्यांनी स्वतःसाठी शिवला होता, त्यातल्या खिशात त्यांची कात्री.

एप्रिल छाटणी त्या चाकूनं पार पडली. छाटणी कात्रीनंच करायची असते, पण तिच्या आगेमागे जे शंभर बारीक काप असतात ते त्यानं केले. मेमध्ये गावाच्या माळावर घिसाड्यांची पालं पडली. पेरणीच्या तोंडावर येतात, खुरपी-कुळवाच्या फाशी शेवटून, म्हणजे झिजलेलं तोंड तापवून-ठोकून नीट करून, देतात. आईला दोन खुरपी शेवटून घ्यायची होती. मी अण्णांचा चाकू रुमालात बांधून बरोबर घेतला.

पुरुष ऐरणीशी बसून सांडशीत लाल फाळ धरत होता आणि त्याची बायको घण घालत होती. घण डोक्यावरून येताना तिचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या, आणि प्रत्येक घाव आधीच्या घावाच्या शेजारी, एकही एकावर एक नाही. फाळ भट्टीत परत गेला तेव्हा ती बसली. मी रुमाल सोडला.

तिनं अण्णांचा चाकू कानाशी नेऊन हलवला, रिबिटीवर नख मारलं, खाचेतल्या गंजावरून अंगठा फिरवला. "पानी गेलंय आत," ती म्हणाली. "भट्टीत घातलं तर निघंल, पर धारंचं पानी जाईल. रिबीट काडाय लागंल हळू. आज न्हाई. ठिवून जा चार दिस."

मी बरं म्हटलं. मग तिची नजर माझ्या खिशाकडं गेली. "अन् त्यो?"

मी काढून दिला. तिनं कडं दोनदा फिरवून बघितलं, तिसऱ्यांदा उघडून पातं अंगठ्याच्या नखावर टेकवलं. पातं घसरलं नाही, नखावर उभं राहिलं. तिनं मान हलवली आणि विचारलं, "धार कुणी लावली?"

"मी."

"टोकाकडं हात उचलतीस तू. तितं बोथट हाय बग." तिनं पात्याचं शेवटचं बोटभर टोक मला उन्हात धरून दाखवलं. तिथं धारेवर एक बारीक पांढरी चमक होती. धारदार कडेवर अशी चमक नसते. तीन महिन्यांत मला ती दिसली नव्हती. तिनं ऐरणीमागून स्वतःचा निसणा, धार लावायचा दगड, काढला, थुंकी लावली, आणि टोकाकडं येताना मनगट कसं वर न उचलता कोपर बाहेर न्यायचं ते दोनदा सावकाश करून दाखवलं. मग पातं पदराला पुसलं, मिटलं, कडं फिरवलं आणि चाकू माझ्या हातात न देता आम्हा दोघींच्या मधे जमिनीवर ठेवला. धारेची वस्तू हातात देत नाहीत.

मी तो उचलला. आई तोवर खुरप्यांचे पैसे मोजत होती. फाळ भट्टीत पुन्हा लाल झाला होता, पुरुषानं हाक मारली, आणि ती घण घ्यायला उठली.